वगळलेल्या तीन रेकॉर्डी

१० फेब्रुवारी

ती. आईंस,
साष्टांग नमस्कार.

'आई' लिहायचा हक्क मला आता आहे की नाही, माहीत नाही. ठकूचा आणि माझा घटस्फोट होऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. पण नऊ वर्षं जे तोंडात बसलं, त्याच्या जागी कागदावर दुसरं काही उतरेना. खटकलं तर सांगा.

काम असं आहे, की आमचं घर सोडताना ठेवलेलं माझं एक लाकडी खोकं तुमच्या न्हाणीघरावरच्या माळ्यावर राहिलंय. त्यात एकवीस रेकॉर्डी आहेत, सगळ्या एकाच बँडच्या. तोच तो बँड, ज्याचं गाणं मी तुमच्याकडे लावलं की तुम्ही स्वयंपाकघरातून 'अजून तेच चालू आहे का' म्हणून विचारायचात. इथे नव्या गावात मला बरी खोली मिळाली आहे. कंपनीने सहा उंच इमारतींच्या लिफ्ट माझ्या ताब्यात दिल्यात, दिवस वर-खाली करण्यात जातो. मागच्या आठवड्यात एक जुना रेकॉर्ड-प्लेअर मिळाला, तेव्हापासून खोक्याची फार आठवण येते.

तुम्ही स्वतः चढून ते काढू नका, गुडघे सांभाळा. ट्रान्सपोर्टचा माणूस येऊन नेईल. कोणत्या दिवशी पाठवू एवढं कळवा. ठकू येते तो वार सोडून.

तुमचा,
लिफ्टवाला
(बाबांनी ठेवलेलं हे नाव ते गेल्यावरही माझंच आहे, असं धरून चालतो.)


२२ फेब्रुवारी

चि. लिफ्टवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

पहिली गोष्ट. तू जावई होतास तोवर मला 'अहो-जाहो' करावं लागायचं. आता ती कटकट मिटली. यापुढे मी तुला 'तू' म्हणणार. तू मला 'आई' म्हण, मी कुठे नको म्हटलंय?

दुसरी गोष्ट तेवढी चांगली नाही. माळ्यावरचा नळ कधीपासून पाझरत होता कोण जाणे. शेजारच्या सुताराकडून खोकं उतरवून घेतलं, तर बूड ओलं. निम्म्या कव्हरांना बुरशी. तीन दिवस कव्हरं पंख्याखाली वाळवली. रेकॉर्डी एकेक करून पुसल्या, पाण्यात दोन थेंब स्पिरिट घालून. एकतीस वर्षं लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड हाताळल्यात मी. बोट कुठे लावायचं नाही हे मला सांगायला नको.

पण पुसलेली रेकॉर्ड वाजते की नाही, ते बघायला नको? ह्यांचा जुना प्लेअर काढला, एक लावली आणि भाजी निवडायला बसले. भाजी निवडून झाली, चिरून झाली, गाणं आपलं चालूच. वाटलं, सुई अडकली. उठून बघते तर सुई मुकाट्याने पुढे सरकतेय. एका बाजूला मिळून एकच गाणं. मारुतीचं शेपूट परवडलं. मधेच बासरी, मधेच कुणी पत्र्यावर खडी ओतल्यासारखा दणका, मग एकदम सामसूम, आणि मग एक माणूस कानाशी येऊन काही सांगावं तसा गातो. तेवढ्यापुरती माझी सुरी थांबली, हे कबूल करते.

तर एकवीसच्या एकवीस तपासल्याशिवाय खोकं हलणार नाही. अर्धवट बघून मी कधी रिपोर्ट दिलेला नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला थांबव.

आई


३ मार्च

ती. आईंस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र बाराव्या मजल्यावर, लिफ्टच्या टपावर बसून वाचलं आणि एकटाच हसत राहिलो. खाली माझा मदतनीस विचारत होता, काय बिघडलंय म्हणून.

बुरशीचं मनाला लावून घेऊ नका. चूक माझीच, कुणाच्याही माळ्यावर आपली वस्तू टाकून जाऊ नये.

ऐकणारच असाल तर क्रम सांगतो. पहिल्या दोन सोडून द्या. तेव्हा आपण कोण, हे त्यांनाच कळलं नव्हतं. चौथी, पाचवी, सहावी या ऐन भरातल्या. तुम्ही ऐकलीत ती पाचवी. सहावीनंतर मूळ गायक सोडून गेला. सातवी ते दहावी नव्या गायकाबरोबर. तऱ्हा वेगळी, पण इमानदार काम. अकरा, बारा, तेरा वगळा. त्या काळात त्यांना रेडिओवर वाजायचं होतं. चार-चार मिनिटांची गाणी, चकचकीत कपडे, टाळ्यांचा ठेका. मी त्या केवळ संच पुरा व्हावा म्हणून घेतल्या. चौदावीपासून स्वारी शुद्धीवर आली. पुढे त्यांनी काय काय केलं म्हणून सांगू. सोळावीत चाळीस वादकांचा ताफा, अठरावीत ड्रम औषधालाही नाही. तीस वर्षांत त्यांनी इतकी घरं बदलली, की नुसतं नाव ऐकून कुणी म्हणणार नाही, हीच ती माणसं.

ठकूला हे सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा.

तुमचा,
लिफ्टवाला


२९ मार्च

चि. लिफ्टवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा क्रम बाजूला ठेवला आणि पहिलीपासून सुरुवात केली. स्लाइड एका कडेने बघत जायची असते. मधूनच बघितली की आपल्याला हवं तेच दिसतं.

पहिल्या दोन खरंच उसन्या वाटतात, पण दुसरीत तो बासरीवाला एका ठिकाणी चुकतो आणि चूकच इतकी गोड निभावतो, की मी ती जागा तीनदा लावली. तू सोडून द्यायला सांगितली होतीस. बघ.

आता मुद्द्याचं. चौथीची दुसरी बाजू. तू जेवताना ह्यांना नेहमी समजावायचास, की बाबा, हे सातात आहे, सात मोजा. हे बिचारे पोळी हातात धरून मान हलवायचे. मी परवा मोजलं. लॅबमध्ये पांढऱ्या पेशी मोजायला कळांचं एक यंत्र असायचं, पेशी दिसली की कळ दाबायची, शंभर होईपर्यंत. बोटं ते विसरलेली नाहीत. तर ते सातात नाही. सात, सात, सात आणि चौथ्या खेपेला आठ. दर वेळी. चालता चालता माणूस ठेचकाळतो आणि पडत नाही, तसं होतं तिथे. नऊ वर्षं तू चुकीचं सांगत आलास. परत मोज.

ठकू दर रविवारी येते. डोळ्यांच्या दवाखान्यात ती आता चष्म्याच्या विभागाची प्रमुख झाली आहे. थोडी वाळली आहे. ती यायच्या आधी मी प्लेअरवर कापड घालते आणि खोकं पलंगाखाली सारते. साठी उलटलेल्या बाईने चोरून गाणी ऐकावीत, माझं मलाच हसू येतं. तू तिच्याबद्दल एका अक्षराने विचारलं नाहीस. न विचारण्याचा अर्थही मला कळतो.

आई


१४ एप्रिल

ती. आईंस,
साष्टांग नमस्कार.

रेकॉर्ड माझ्याकडे नाही, पण ती सगळी बाजू डोक्यात आहे. काल दुपारी एका इमारतीची लिफ्ट बंद करून खड्ड्यात उतरलो होतो. काम आटोपल्यावर तिथेच बसून गाणं मनात सुरू केलं आणि पान्ह्याने रुळावर ठोके देत मोजलं. सात, सात, सात, आठ. पुन्हा मोजलं. तुमचंच बरोबर. मला ती ठेच ऐकू यायची, पण मी ती हिशेबातच धरली नव्हती. बाबांची माफी मागायला हवी होती.

ठकूला बढती मिळाली हे वाचून मनापासून बरं वाटलं. ती जागा तिचीच होती.

तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगतो. आमच्यात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मी कामावरून यायचो, हेडफोन घालायचो. ती चष्म्यांच्या फ्रेमांची पुस्तकं घेऊन बसायची. दोघंही एकमेकांना त्रास नको म्हणून जपून वागायचो. असं जपता जपता एक दिवस लक्षात आलं, की मधे काही उरलंच नाही. तिने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. मीही नाही. लोकांना वाटायचं, किती शहाणी जोडी.

आता सहावी लावाल तेव्हा शेवटच्या गाण्याकडे लक्ष द्या. गायक जायचा ठरवून बसलाय, आणि इतरांना अजून माहीत नाही.

तुमचा,
लिफ्टवाला


२० मे

चि. लिफ्टवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

सहावीचं शेवटचं गाणं ऐकून मी जरा वेळ खिडकीत उभी राहिले. ह्यांच्या जाण्यानंतरचे दिवस आठवले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

नव्या गायकाला मी आधी नाकं मुरडली, पण नववीपर्यंत तो घरचा झाला. मग तू वगळायला सांगितलेल्या त्या तीन. मुद्दाम दोन-दोनदा ऐकल्या. अरे, काय वाईट आहे त्यांत? बारावी तर मला फार आवडली. सुटसुटीत गाणी, कामं करता करता ऐकावीत अशी. सगळा वेळ माणसाने डोंगर चढावा असं थोडंच आहे? सपाटीवरही जरा चालावं.

आणि आता ऐक. गेल्या रविवारी ठकू जेवल्यावर कप विसळत होती आणि गुणगुणत होती. मी दारात थबकले. बारावीच्या पहिल्या बाजूचं तिसरं गाणं. अक्षर न् अक्षर तेच.  जी बाई तुझी गाणी वर्षभराने भांडी घासताना गुणगुणते, तिच्या मनात काय असेल, हे मी तुला सांगायला हवं का?

माझं ऐकशील तर खोकं न्यायला तूच ये. ट्रान्सपोर्टवाला नको. रविवारी ये. मी चहा टाकीन आणि बाजारात जाते म्हणून बाहेर पडेन. दोघं शांतपणे बोला. चौदावी कालच सुरू केली. मुद्दाम हळू चाललेय. संपल्या तर काय लिहू?

आई


२ जुलै

ती. आईंस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला सहा आठवडे लागले. चार वेळा लिहून फाडलं.

मी येणार नाही, आई. इथल्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या इमारतीची लिफ्ट सारखी बंद पडायची, त्यातून ओळख झाली. पुढच्या महिन्यात आम्ही सही करून लग्न करतोय. तिच्याबरोबर मी बोलतो. एवढंच सांगता येईल.

हे तुम्हाला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. तेव्हा ठरलेलं नव्हतं, पण मनात होतं. लिहिलं नाही, कारण तुम्ही खोकं पाठवून द्याल आणि पत्रं थांबतील, ही भीती वाटली. माझी आई लवकर गेली, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या पत्राची मी वाट बघायचो. तुमच्या मनात काय आशा वाढतेय हे एप्रिलमध्येच दिसत होतं, आणि तरी मी गप्प राहिलो. ठकूशी वागलो तसाच तुमच्याशीही वागलो.

खोकं पाठवा किंवा ठेवा. तुमची मर्जी.

तुमचा,
लिफ्टवाला


९ जुलै

स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. खोकं आज ट्रान्सपोर्टने रवाना केलं आहे. रेकॉर्डी एकूण एकवीस. नऊ कव्हरांवर डाग राहिले आहेत, ते निघाले नाहीत. पंधराव्या रेकॉर्डपर्यंत वाजवून पाहिलं आहे, पुढच्या सहा नुसत्या पुसल्या आहेत.

ठकूला मी काहीही सांगितलेलं नाही. सांगायचं असल्यास आपण सांगावं.

आपल्या पुढील आयुष्यास शुभेच्छा.

ठकूची आई


३० ऑगस्ट

ती. आईंस,
साष्टांग नमस्कार.

खोकं पोचलं. तुम्ही मला 'आपण' म्हणालात, ते पोचायला त्याहून कमी वेळ लागला.

प्रत्येक कव्हरात तुमची चिठ्ठी आहे, हे तुम्ही लिहिलं नव्हतं. लॅबच्या जुन्या फॉर्मवर, तुमच्या त्या बारीक अक्षरात. 'नमुना क्र. ४. ठोका अनियमित, प्रकृती उत्तम.' 'नमुना क्र. ९. गायक रुळला. जुन्याची आठवण काढत बसू नये.' 'नमुना क्र. १५. सगळे थकलेत. विश्रांतीची गरज.' पंधराव्या चिठ्ठीशी मी बराच वेळ बसलो, कारण त्या वर्षी त्यांनी खरोखरच काम बंद ठेवलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सोळापासून पुढच्या चिठ्ठ्यांवर नुसता क्रमांक आहे, खाली कोरं.

तुम्ही अर्धवट बघून रिपोर्ट देत नाही. म्हणून उरलेल्या सहा मी तीन कॅसेटींवर भरून सोबत पाठवतोय. उत्तराची अपेक्षा नाही. नुसत्या ऐका. कोऱ्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. त्या तशाच राहिल्या तरी मी टाकणार नाही.

लग्न पंधरा दिवसांपूर्वी झालं.

तुमचा,
लिफ्टवाला


१६ सप्टेंबर

लिफ्टवाल्या,

पत्रावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. तुझं पार्सल रविवारी आलं. सुट्टीला टपाल नसतं, शेजारच्या सुताराने आदल्या दिवशी घेऊन ठेवलं होतं, ते त्याने माझ्या हातात दिलं. आई समोरच उभी होती. पाठवणाऱ्याचं नाव मी वाचलं आणि तिच्याकडे बघितलं, तशी ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मग फेब्रुवारीपासूनचं सगळं सांगितलं. तुझ्या लग्नाचंही.

तिला वाटलं, मी कोसळेन. तुझं लग्न ठरल्याचं मला मे महिन्यातच कळलं होतं, तुझ्या नव्या गावाहून दवाखान्यात येणाऱ्या एका पेशंटकडून. तुमच्या पत्रांचंही माहीत होतं. म्हणजे पत्रं नव्हे, गाणी. मार्चमध्ये आईच्या हाताला पुन्हा स्पिरिटचा वास यायला लागला. निवृत्त झाल्यापासून तो गेला होता. पलंगाखाली वाकून बघितलं, तर खोकं. मी ते होतं तसंच परत सारलं. ती खूश दिसत होती. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा ती मला रविवारी 'आता तू निघ' असं म्हणायला लागली होती.

एक सांगायचं आहे, म्हणून लिहितेय. आईने माझ्या गुणगुणण्याचा भलताच अर्थ लावला आणि तुला कळवला, तो तू डोक्यातून काढ. मी तुला आठवून गुणगुणत नव्हते. मला ते गाणं आवडतं. आपल्या लग्नाच्या पहिल्या वर्षी तू बारावी लावलीस, एक बाजूही पुरी होऊ दिली नाहीस, सुई उचललीस आणि म्हणालास, यात काही दम नाही. मला ती ऐकायची होती. मग तू कामावर गेलास की मी लावायचे. अकरा, बारा आणि तेरा. नऊ वर्षं. तू परत यायच्या आत जागच्या जागी ठेवायचे. एकवीसमधल्या तीनच मला कळायच्या, त्याही तुझ्या लेखी वगळायच्या. हे तुला सांगायला मला लाज वाटली, आणि तू कधी विचारलं नाहीस. दोन्ही चुका सारख्याच. मी एकट्या तुझ्या डोक्यावर खापर फोडत नाही.

आपलं संपलं, आणि ते संपलं हे ठीक झालं. मला आता सकाळी उठल्यावर छातीवर दगड वाटत नाही. तुलाही वाटत नसावा.

पण आईला लिहायचं थांबवू नकोस. ती रागावली आहे, कारण तिने जावयाशी दुसऱ्यांदा फारकत बघितली, आणि या वेळी ती माझी नव्हती, तिची होती. थोडा वेळ दे. तिचं आणि तुझं काय नातं आहे त्याला मला नाव देता येत नाही, पण ते माझ्यावरून जात नाही, हे मी तिला सांगितलं आहे.

तुझ्या बायकोला माझ्या शुभेच्छा कळव. खऱ्या आहेत.

ठकू


१६ नोव्हेंबर

चि. लिफ्टवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

सप्टेंबरभर कॅसेटी कपाटावर पडून होत्या. मी त्यांच्याकडे बघायची, त्या माझ्याकडे. शेवटी ठकूच आपला टेपरेकॉर्डर घेऊन आली आणि म्हणाली, चल, मलाही पुढचं माहीत नाही. तिच्या पत्राला तू काय उत्तर दिलंस ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वाचून तिने ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं, एवढं बघितलं.

मी तुझ्यावर रागावले होते. आता माझ्या लक्षात येतंय, की निम्मा राग माझा माझ्यावरच होता. गाणी ऐकता ऐकता मी दोन माणसांचा संसार परत मांडत बसले होते, आणि त्या दोघांपैकी कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. हवं तेच बघितलं की असं होतं.

दर रविवारी एक बाजू, असं करत आम्ही कालच्या रविवारी संपवलं. रिपोर्ट घे, कोऱ्या चिठ्ठ्यांवर तूच उतरव. सोळावी, चाळीस वादक: लग्नघराइतकी गर्दी, नवरा-नवरी कुठे दिसेनात. सतरावीवर आम्हा मायलेकींचं कडाक्याचं वाजलं. ती म्हणते रटाळ, मी म्हणते धीर धर. दोन रविवार वाद चालला. ठकू माझ्याशी इतकं भांडल्याचं मला तिच्या कॉलेजनंतर आठवत नाही, फार बरं वाटलं. अठरावी, ड्रम नसलेली: उत्तम. एकोणीस: विसरले. वीस: ठकूला आवडली, तशी नोंद कर. एकविसावीत जुना गायक परत येऊन एकच गाणं म्हणतो. आवाज पार गेलाय. नवा गायक त्याच्या मागे हळूच सूर धरून उभा राहतो, तो पडू नये म्हणून. त्यावर मी काही लिहीत नाही. काही नमुन्यांवर नुसतं 'पाहिले' लिहितात.

आता जे लिहायला बसले ते. तू टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर ठेवून भरलंस, हे पहिल्याच कॅसेटला कळलं होतं. मधे कुणाचं दार वाजतं, एकदा खाली गाडीवाला ओरडतो. शेवटचं गाणं संपलं. मी उठायला गेले, तेवढ्यात ठकूने हात धरून बसवलं. तू यंत्र बंद करायला विसरला होतास. सुई वर उचलल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, आणि मग तुझा आवाज. तू म्हणालास, "तुला यातलं कुठलं आवडलं?"

दुसरा आवाज बाईचा, तुझ्या बायकोचाच असणार. ती म्हणाली, "खरं सांगू? पहिलं काहीच कळलं नाही. ते म्हातारे गृहस्थ गातात, तेवढं कळलं."

तू म्हणालास, "मग तेवढंच परत लावतो." आणि टेप संपली.

मला ठकूकडे बघायचं धाडस होईना. शेवटी बघितलंच. डोळे भरले होते, पण तोंडावर हसू होतं, आणि ते ओढून आणलेलं नव्हतं. ती म्हणाली, "शिकला गं."

मग तिने कॅसेट बाहेर काढली. केसांतली पिन काढून कॅसेटच्या पाठीवरचे ते दोन बारीक प्लॅस्टिकचे तुकडे एकेक करून मोडले, म्हणजे त्यावर चुकूनही कुणाला दुसरं काही भरता येणार नाही. कॅसेट माझ्या कपाटात ठेवली आणि चपला घालून बसस्टॉपवर गेली. जाताना गुणगुणत होती. कुठलं, ते मी ओळखलं नाही.

तुम्हा दोघांना सुखाचं जावो.

आई